हलक्या दाताची गोष्ट

दिवाळीचा फराळ आटोपून घरातली मंडळी दुपारी जरा आडवी झाली, की मांजर हळूच येऊन कोणाच्या तरी मांडीवर अगर पोटाशी बसते. माणूस सहज त्याच्या अंगावरून हात फिरवू लागतो. मांजर डोळे मिटून घुरघुरते, पुढचे पंजे आळीपाळीने पांघरुणावर दाबू लागते; आणि सारे असे सुखासमाधानाने चालले असता मध्येच मान वळवून त्याच हाताचे बोट दातांत धरते. रक्त येत नाही, खरचटतही नाही. दातांची टोके तेवढी जाणवतात. क्षणभराने ते बोट सोडून देते, आणि कधी कधी त्याच जागी जीभही फिरवते.

ह्या एवढ्याशा गोष्टीवर घरोघर निकाल लागतात. 'मांजर कधी कोणाचे झाले आहे का?' असे म्हणून वडीलधारी माणसे मोकळी होतात. ज्या मुलाने आपल्या वाटणीचे दूध मनीला पाजलेले असते, ते रडकुंडीस येते. कोणी चापट मारतो. आणि दोनचार वेळा असे झाले, म्हणजे मांजराला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून यावे, अशी भाषा सुरू होते. पुष्कळ मांजरे अशी सोडलीही जातात. कुत्र्याच्या इमानाचे गोडवे गाणाऱ्या माणसाने मांजराच्या नावे कृतघ्नपणाचा शिक्का फार पूर्वीच मारून ठेवला आहे, आणि ह्या हलक्या चाव्यास तो पुरावा म्हणून पुढे करतो.

हा निकाल न्यायाचा आहे की नाही, हे पाहावयाचे तर ह्या खटल्याचे जुने दप्तर सोडले पाहिजे. ते दप्तर सुमारे दहा हजार वर्षांचे आहे. त्यातले काही कागद जमिनीतून निघाले, काही देवळांतून, काही पुराणांतून, आणि काही तर मांजराच्या रक्तातूनच वाचावे लागले. सगळ्यांचा मथितार्थ मात्र थोडक्यात सांगता येतो. मांजर माणसाच्या घरात शिरले ते कडक चाव्याच्या बळावर, आणि घरात राहिले ते हलक्या चाव्याच्या बळावर. दोन्ही चावे एकाच तोंडचे आहेत.

मनुष्याने पश्चिम आशियात शेती सुरू केली, पीक आले, ते साठवण्याची सोय झाली, आणि धान्याच्या साठ्याबरोबर उंदीर आले. उंदरांच्या मागोमाग रानमांजर आले. कुत्र्याला, गाईला, मेंढीला माणसाने आपल्या कामासाठी वळवले. मांजराला कोणी बोलावले नव्हते. ते आपले भक्ष्य शोधीत कणगीपर्यंत आले, आणि त्याच्या येण्याने आपले धान्य वाचते असे दिसल्यावर माणसाने त्याला हाकलले नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सुमारे हजार मांजरांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी करण्यात आली. तीत असे दिसून आले, की जगातली सारी पाळीव मांजरे पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका ह्या भागांत राहणाऱ्या एकाच रानमांजराच्या वंशातली आहेत. पुण्याच्या वाड्यातली मनी आणि लंडनच्या बैठकीतले मांजर ह्यांचे मूळ गोत्र एकच.

ह्या सोयरिकीचा सर्वांत जुना पुरावा सायप्रस बेटावर सापडला. २००४ मध्ये फ्रेंच संशोधकांनी तो जगापुढे मांडला. शिलुरोकांबोस नावाच्या ठिकाणी सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे एक थडगे निघाले. त्यात तीस वर्षे वयाच्या सुमाराचे एक माणूस पुरलेले होते; जवळ घासलेल्या दगडाच्या वस्तू आणि शिंपले ठेवलेले होते. त्या माणसापासून अवघ्या ४० सेंटिमीटरांवर, स्वतंत्र लहानशा खड्ड्यात, आठ महिन्यांचे एक मांजर व्यवस्थित निजवलेले होते. त्याच्या हाडांवर सुरीची खूण नव्हती. म्हणजे ते खाण्यासाठी मारलेले नव्हते. सायप्रस हे समुद्राने वेढलेले बेट. तेथे मूळची मांजरे नव्हती. तेव्हा कोणी तरी मांजराला होडीत घालून समुद्रापलीकडे नेले होते. भुकेल्या आणि भेदरलेल्या रानमांजराला होडीत घालून न्यावयाचे म्हणजे काय, हे ज्याने कधी मांजराला पिशवीत घालून गावास नेले असेल त्याला समजेल. ज्या जनावरास आपण निदान थोडा वेळ तरी हातात धरू शकतो, तेच असे नेता येते. दाताला आवर घालण्याचा करार तेव्हाच कुठे तरी सुरू झाला असला पाहिजे.

आपल्या खंडातही मांजराच्या पाऊलखुणा जुन्या आहेत, आणि हे शब्दशः खरे आहे. सिंधमधील चन्हुदडो येथे १९३५-३६ मध्ये अर्नेस्ट मॅके ह्यांनी उत्खनन केले, तेव्हा त्यांना सिंधुसंस्कृतीच्या काळातली एक वीट मिळाली. वीट ओली असताना तिच्यावरून एक मांजर गेले आणि त्याच्या मागून एक कुत्रा गेला. कुत्र्याचे पाऊल मांजराच्या पावलावर किंचित पडले आहे. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा एक पाठलाग त्या विटेवर जसाच्या तसा राहिला आहे. ते मांजर कोणाच्या घरचे होते की रानातले, हे पाऊल सांगत नाही. पण माणसाच्या वीटभट्टीच्या आसपास ते वावरत होते एवढे नक्की.

पुढे आपल्या वाङ्मयात मांजर आले ते बहुधा ढोंग्याच्या वेषात. मनुस्मृतीने दांभिक व्रत करणाऱ्यास 'बैडालव्रतिक' म्हटले. पंचतंत्रात आणि हितोपदेशात मांजर तपस्वी होऊन बसते आणि विश्वासाने जवळ आलेल्यांना खाऊन टाकते. महाबलीपुरम् येथील सातव्या शतकातल्या प्रचंड शिल्पपटावर एक मांजर दोन्ही पाय वर करून तप करीत उभे आहे, आणि त्याच्या पायाशी उंदीर निर्धास्तपणे वावरत आहेत. पाहणाऱ्याला हसू येते. कारण पुढे काय होणार हे त्याला माहीत असते. ह्या परंपरेत वाढलेल्या माणसाच्या बोटाला मांजराने दात लावला, की तो 'पाहा, शेवटी जातीवर गेले' असे म्हणतो, ह्यात नवल नाही.

पण ह्याच परंपरेत एक गोष्ट निराळी आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्माने युधिष्ठिराला पलित नावाचा उंदीर आणि लोमश नावाचे मांजर ह्यांची कथा सांगितली आहे. एका वडाच्या झाडाखाली पारध्याच्या जाळ्यात लोमश अडकतो. त्याच वेळी पलितावर मुंगूस आणि घुबड असे दोन शत्रू टपून बसलेले असतात. उंदीर विचार करून मांजराशी तह करतो. तो त्याच्या अंगाशी जाऊन बसतो, त्यामुळे शत्रू निघून जातात. आणि पारधी जवळ येताच तो जाळे कुरतडून मांजराला सोडवतो. संकट सरल्यावर लोमश मैत्रीच्या गोष्टी बोलू लागतो. शहाणा पलित मात्र बिळाबाहेर येत नाही. गरजेतून झालेली मैत्री गरज संपताच संपते, हे त्याचे राजकारण. माणूस आणि मांजर ह्यांचा तहही असाच गरजेचा होता. तो गरज संपल्यावरही का टिकला, हा खरा प्रश्न आहे.

तो कोठवर गेला होता हे पाहण्यासाठी इजिप्तकडे वळले पाहिजे. नाईल नदीच्या काठी धान्याची कोठारे अफाट, आणि मांजराचे महत्त्वही तसेच. इजिप्तच्या प्राचीन भाषेत मांजराला 'मिऊ' म्हणत. आपली मुले 'माऊ' म्हणतात. दोन्ही शब्द मांजरानेच शिकवलेले. इ. स. पूर्व चौदाव्या शतकातल्या थुतमोस नावाच्या राजपुत्राने आपल्या मांजरीसाठी चुनखडीच्या दगडाची कोरीव शवपेटी करवली होती; ती आजही आहे. बुबास्तिस ह्या नगरीत बास्तेत देवीचे मोठे क्षेत्र होते, आणि तिचे रूप मांजरीचे होते. इ. स. पूर्व पाचव्या शतकात हिरोडोटस ह्या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवले आहे, की घरातले मांजर मेले तर त्या घरची माणसे भुवया काढून सुतक पाळीत. इ. स. पूर्व पहिल्या शतकात इजिप्तला गेलेल्या डायोडोरसने तर एक प्रसंग प्रत्यक्ष पाहिला. एका रोमन मनुष्याच्या हातून मांजर मेले. रोमच्या सत्तेची भीती होती, राजाचे अधिकारी रदबदली करीत होते, तरी जमावाने त्या माणसास जिवंत सोडले नाही.

ह्या भक्तीची दुसरी बाजूही दप्तरात आहे. देवीस वाहण्यासाठी मांजरांच्या ममी विकल्या जात, आणि त्यासाठी मांजरे मुद्दाम वाढवीत. लंडनच्या संग्रहालयातल्या ममींची क्षकिरणांनी तपासणी झाली, तेव्हा त्यातली पुष्कळशी कोवळ्या वयाची असून त्यांच्या मानेची हाडे मोडलेली आढळली. १८८८ साली बेनी हसन येथे मांजरांच्या ममींचा एक प्रचंड साठा सापडला. १८९० मध्ये त्यातल्या सुमारे १९ टन ममी इंग्लंडात लिव्हरपूल बंदरात आणून शेताला खत म्हणून विकल्या गेल्या. माणसाने मांजराची पूजाही केली आणि त्याची मानही मोडली. कृतघ्नपणाचा हिशेब करावयाचा झाला, तर आपली बाजूही कोरी नाही, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

आता मान हा शब्द आलाच आहे, तर चाव्याच्या शास्त्राकडे येऊ. कारण मांजराच्या चाव्याचा सारा इतिहास मानेभोवती फिरतो. पाउल लायहाउझेन ह्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यापासून अनेक वर्षे मांजरांचे निरीक्षण केले, आणि त्यांचे वागणे अतिशय बारकाईने लिहून ठेवले. मोठ्या मांजराला तीस दात असतात. त्यांतले चार सुळे ही त्याची खरी हत्यारे. उंदराच्या मानेच्या दोन मणक्यांमधल्या फटीत सुळा शिरवून मज्जारज्जू तोडावयाचा, ही त्याची मारण्याची रीत. मांजराला वीतभर अंतराच्या आतली वस्तू डोळ्यांनी नीट दिसत नाही. त्या शेवटच्या क्षणी मिशा पुढे वळून भक्ष्याला वेढतात आणि त्यांच्या स्पर्शाने नेमकी जागा समजते. इतके नाजूक हत्यार फार थोड्या प्राण्यांना मिळालेले आहे. आणि जे हत्यार इतके अचूक असते, ते अचूकपणे आवरताही येते.

ह्याचा पुरावा मांजरीच्याच संसारात आहे. मानेवरचा हाच चावा तिच्या आयुष्यात तीन प्रकारांनी येतो. उंदराच्या मानेवर तो प्राण घेतो. बोका मांजरीची मान धरतो, तेव्हा त्यात नव्या जिवांचा आरंभ असतो. आणि पिल्ले झाल्यावर मांजरी त्यांची मानगूट धरून त्यांना माळ्यावरून उतरंडीमागे आणि उतरंडीमागून माळ्यावर नेते, तेव्हा तोच चावा जीव वाचवतो. मानगूट धरताच पिल्लू पाय पोटाशी घेऊन अगदी सैल पडते. मांजर सात घरे बदलते असे आपल्या बायका म्हणतात. त्या सात घरांच्या प्रवासात एकाही पिल्लाच्या मानेवर ओरखडा उठत नाही.

आपल्या आचार्यांच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नाही. तेराव्या-चौदाव्या शतकांच्या सुमारास दक्षिणेतल्या श्रीवैष्णव संप्रदायात असा वाद झाला, की जीवाला मोक्ष मिळतो तो स्वतःच्या प्रयत्नाने की केवळ भगवंताच्या कृपेने? वडकलै पंथाने वानराच्या पिल्लाचा दाखला दिला; ते आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहते. तेंकलै पंथाने मांजराच्या पिल्लाचा दाखला दिला. ते काहीच करीत नाही, आई त्याला दातांत धरून नेते. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय हे शब्द तेव्हापासून रूढ झाले. कृपा कशी असते हे सांगताना ह्या थोर लोकांना मांजरीचे दात आठवले, हे विसरण्यासारखे नाही. पंचतंत्राने ज्या दातांत ढोंग पाहिले, त्याच दातांत त्यांनी वात्सल्य पाहिले; आणि दोघांचेही निरीक्षण खरे होते.

मांजराच्या ह्या वात्सल्याच्या भाषेला फार महत्त्व आहे, आणि त्याचे कारण त्याच्या पूर्वजांच्या राहणीत आहे. कुत्र्याचा पूर्वज लांडगा. तो टोळीने राहणारा. वडीलधारे कोण, धाकटे कोण, कोणापुढे नमावयाचे, ह्याची रीत त्याच्या हाडीमाशी खिळलेली. ती रीत त्याने माणसाच्या घरात तशीच चालवली. रानमांजर एकटे राहते, एकटे शिकार करते. त्याला टोळी माहीत नाही, नायक माहीत नाही. दुसऱ्या जिवाची ऊब त्याने एकदाच अनुभवलेली असते, ती लहानपणी, आईच्या कुशीत आणि भावंडांच्या गराड्यात. तेव्हा माणसाशी स्नेह जोडावयाची वेळ आली, तेव्हा मांजराजवळ त्या कुशीतल्या भाषेवाचून दुसरी भाषा नव्हती. चार्ल्स डार्विनने १८७२ साली प्राण्यांच्या भावदर्शनावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने दाखवून दिले, की मांजर मऊ शालीवर बसून पंजे आळीपाळीने दाबते, ती दूध पिताना आईच्या पोटाला लुचण्याची सवय होय. घुरघुरणे, शेपूट उभी करून सामोरे येणे, चाटणे, हीही त्याच कुशीतली. आणि बोट हलकेच दातांत धरणे हेही तिथलेच.

हा हलका दात पिल्लू शिकते कसे? जन्मतः ते आंधळे आणि दंतहीन असते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दुधाचे दात येऊ लागतात, आणि चौथ्या आठवड्याच्या सुमारास भावंडांची कुस्ती सुरू होते. एकाने दुसऱ्याची मान धरली, दुसऱ्याने तिसऱ्याचे शेपूट ओढले, असे दिवसभर चालते. त्यात कोणी जोराने चावले, तर चावला गेलेला किंचाळतो, उलट चावतो किंवा खेळ सोडून निघून जातो. आईला दूध पिताना दात लागले, तर ती उठून चालती होते. किती जोर लावला म्हणजे खेळ चालू राहतो आणि किती लावला म्हणजे मोडतो, ह्याचे माप पिल्लाला असे अनुभवाने मिळते. त्याच दिवसांत आई मेलेला उंदीर, मग अर्धमेला, मग जिवंत उंदीर आणून पुढे टाकते, आणि दुसरा, कडक चावाही शिकवते. एकाच शाळेत दोन विषय शिकवले जातात.

ही शाळा अर्धवट सुटली तर काय होते, तेही आता समजले आहे. फिनलंडमधल्या संशोधकांनी सुमारे सहा हजार मांजरांची माहिती गोळा करून २०१७ मध्ये असे दाखवले, की आठ आठवडे पुरे होण्याच्या आत आईपासून तोडलेली पिल्ले पुढे अधिक आक्रमक होतात. आपल्याकडे डोळे उघडले न उघडले तोच पिल्लू उचलून आणण्याची हौस असते. 'लहानपणीच आणले म्हणजे माणसाळते' असा समज. माणसाचा हात पिल्लाला दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांत लागावा हे खरे. पण तो आईच्या देखत लागावा. आईवेगळे पिल्लू माणसाळते, परंतु दाताचे माप मात्र त्याला कोणी शिकवलेले नसते. मग ते मोठेपणी कडकडून चावते, आणि शिक्षाही त्यालाच होते.

एवढे समजल्यावर मांडीवरच्या मांजराने बोट धरले त्याचा अर्थ लावणे तितके कठीण नाही. अर्थ मात्र एकच नाही. कधी ते खेळाचे आमंत्रण असते. कान पुढे, बुबुळे मोठी, अंग दबा धरल्यासारखे. अशा वेळी आपले बोट हा उंदीर असतो किंवा भावंड असते. सोळाव्या शतकात फ्रान्समधल्या मोंतेन ह्या निबंधकाराला प्रश्न पडला होता, की मी मांजराशी खेळून वेळ घालवतो आहे, की मांजर माझ्याशी? जो कधी मांजराशी खेळला असेल, त्याला ह्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. कधी तो चावा न्हाऊमाखू घालण्यातला असतो. मांजरे एकमेकांना चाटताना गुंतलेले केस पुढच्या बारीक दातांनी कुरतडून मोकळे करतात; आधी चाटून मग हलकेच दात लावले, की आपणही त्या कुटुंबात मोजले गेलो असे समजावे. संस्कृतातला मार्जार हा शब्द पुसणे, स्वच्छ करणे ह्या अर्थाच्या 'मृज्' धातूपासून आला आहे. आपल्या पूर्वजांना ह्या प्राण्याची हीच खोड प्रथम डोळ्यांत भरली असली पाहिजे. कधी ते नुसते मागणे असते. जेवणाची वेळ झाली, उठा, एवढाच त्याचा अर्थ. आणि पुष्कळदा, विशेषतः हात फिरवीत असताना, तो चावा म्हणजे 'आता पुरे' असा शब्द असतो.

हा शेवटचा प्रकारच सर्वांत अधिक गैरसमज करणारा आहे. मांजर स्वतः जवळ येते, घुरघुरते, आणि मग चावते, ही काय तऱ्हा? पण मांजरे एकमेकांना चाटतात ती थोडा वेळ, आणि बहुधा डोक्या-मानेपाशी. माणूस मात्र गप्पांच्या भरात डोक्यापासून शेपटीपर्यंत तासभर हात ओढीत बसतो. २०१५ मध्ये इंग्लंडातल्या लिंकन येथील संशोधकांनी मांजरांना कोठे हात फिरवलेला चालतो हे तपासले. शेपटीच्या मुळाशी हात गेलेला त्यांना सर्वांत कमी आवडला. मांजर चावण्याआधी सूचनाही देते. शेपटीचे टोक आपटू लागते, कान मागे वळतात, पाठीच्या कातडीवर लहर उठते, घुरघुर थांबते. ह्या सूचना आपण वाचीत नाही. मग ते दाताने सांगते, आणि तेही बेताने. एखाद्या अबोल पाहुण्याने चार वेळा 'नको' म्हटल्यावर पाचव्या वेळी ताटावर हात आडवा धरावा, तशातली ती गोष्ट आहे. आपण त्याला उद्धट म्हणतो. पण आग्रह कोणी चालवला होता, हे विसरतो.

आता लोमश आणि पलित ह्यांच्या प्रश्नाकडे परत येऊ. गरज संपल्यावर हा तह टिकला कसा? गरज संपून फार दिवस झालेले नाहीत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि तेथून देशभर पसरला. १८९८ मध्ये कराचीत सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टराने उंदरावरची पिसू हा रोग पसरवते असे दाखवून दिले. त्यानंतर, १९०८ च्या सुमारास, वऱ्हाडात अमरावतीस सिव्हिल सर्जन असलेल्या बुकॅनन नावाच्या इंग्रज डॉक्टराने, प्लेगवर मांजर पाळणे हा उपाय आहे असे आग्रहाने मांडले. ज्या गावांत मांजरे पुष्कळ तेथे प्लेग कमी, असे त्याचे निरीक्षण होते. हा उपाय पुरा नव्हता, कारण मांजरालाही प्लेग होतो. तरी आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापर्यंत मांजराच्या कडक चाव्याची माणसाला किती किंमत वाटत होती, हे त्यावरून कळते. मग पेवे बुजली, कणग्या गेल्या, घट्ट झाकणाचे डबे आले, शिंक्याची जागा शीतकपाटाने घेतली. शिंके तुटण्याची आणि बोक्याचे फावण्याची सोय राहिली नाही. शहरातल्या चौथ्या मजल्यावरच्या मांजराने उंदीर पाहिलेलाही नसतो. कणगीवरची त्याची नोकरी सुटली. पण माणसाने त्याला घराबाहेर काढले नाही, आणि तेही गेले नाही.

मांजर बदलले म्हणावे, तर तेही फारसे नाही. २०१४ साली मांजराच्या संपूर्ण आनुवंशिक लेखाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रानमांजर आणि घरचे मांजर ह्यांच्यात फरक दिसला तो प्रामुख्याने भीती, स्मरण आणि बक्षिसाच्या आशेने शिकणे ह्यांच्याशी संबंध असलेल्या थोड्या ठिकाणी. सुळे तेच, पंजे तेच, मिशा त्याच. दहा हजार वर्षांत माणसाने त्याच्या तोंडातला एकही दात बोथट केला नाही. कमी झाली ती भीती. कणगीवरच्या नोकरीसाठी जे हत्यार लागत होते, ते आजही तसेच धारदार आहे. फक्त ते आपल्या हातावर टेकवताना मांजर स्वतः आवरून धरते. पलिताने लोमशावर विश्वास टाकला नाही, आणि त्याच्या बाजूने ते शहाणपणच होते. माणूस आणि मांजर ह्यांनी तो टाकला. आणि हा विश्वास दर पिढीत, दर पिल्लागणिक, पुन्हा नव्याने मिळवावा लागतो.

म्हणून घरात मांजर असेल, तर काही गोष्टी पाळाव्यात. आपला हात हे त्याचे खेळणे करू नये. दोरी, चेंडू, कागदाचा बोळा पुढे करावा, कारण शिकारीची भूक पोटाच्या भुकेहून वेगळी असते आणि उंदीर नसलेल्या घरात ती बोटांवर येते. त्याने दात लावला तर हात हिसडू नये. हिसडलेला हात हा पळणारा उंदीर होतो. हात सैल सोडावा, खेळ थांबवावा. भावंडांच्या शाळेतली ती शिक्षा त्याला समजते. चापट समजत नाही. तिने फक्त माणसाचे भय शिकते, आणि दहा हजार वर्षांत जे कमी झाले तेच आपण पुन्हा वाढवतो. नेहमी हलके धरणारे मांजर एकाएकी कडक चावू लागले, तर त्याला कोठे तरी दुखत असेल असे समजून पशुवैद्यास दाखवावे.

आणि दात कातडी फोडून आत गेला, तर ममतेने दुर्लक्ष करू नये. मांजराचा सुळा बारीक आणि लांब असतो. जखम वरून लगेच मिटते आणि जंतू आत राहतात. त्या जंतूंपैकी एका मुख्य जातीला लुई पाश्चरचेच नाव दिलेले आहे. आणि ज्या रोगाची लस पाश्चरने १८८५ साली प्रथम माणसाला टोचली, तो पिसाळण्याचा रोग मांजराच्या चाव्यानेही होतो. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी डॉक्टराकडे जावे. प्रेमाने केलेल्या तहातही सरहद्दीवर पहारा असावा लागतो.

एवढे सांभाळले, म्हणजे खटल्याचा निकाल द्यावयास हरकत नाही. ज्या जनावराला मानेच्या दोन मणक्यांमधली फट अंधारात अचूक सापडते, त्याला आपल्या लहान मुलाचे बोट सहज फोडता आले असते. ते त्याने फोडले नाही. जेवढे आईने त्याला धरले होते, तेवढेच त्याने धरले आणि सोडून दिले. ह्याला कृतघ्नपणा म्हणणे कठीण आहे. रडकुंडीस आलेल्या मुलाला जवळ घेऊन हेच सांगावे, की मनी रागावली नाही. तिच्या भाषेत शब्द थोडे आहेत, आणि त्यांतले काही तिला दातांनीच उच्चारावे लागतात. मग पोते पुन्हा फडताळात ठेवून द्यावे.